पडद्यावरचे शेजारी आणि गावातले शेजारी

चित्रपटाने माणूस बिघडतो की सुधारतो, हा वाद आपल्याकडे चित्रपटाच्याच वयाचा आहे. घरातील वडीलधारी मंडळी एक बाजू घेतात, तरुण मंडळी दुसरी. आम्हांस मात्र वाटते की हा वाद नुसत्या मतांनी मिटणारा नाही. त्याला इतिहासाची साक्ष काढली पाहिजे. मराठी माणसाने चित्रपट पाहायला लागून शंभराहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या काळात पडद्याने आपल्याला नाती, संसार, शेजारधर्म यांविषयी काय काय सांगितले, आणि त्यांतले आपण किती घेतले, याचा जमाखर्च मांडण्याइतका पुरावा आता आपल्या हाती आहे. जळकोटसारख्या गावात हा हिशेब मांडण्याला आणखीही एक कारण आहे. ते पुढे ओघाने येईल.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला. सत्यासाठी राज्य, बायको, मुलगा सारे पणाला लावणारा राजा लोकांनी पाहिला आणि भक्तिभावाने हात जोडले. बोध मोठाच होता. परंतु तो राजाचा होता. ज्याच्याकडे दान द्यायला राज्यच नाही, त्याला हरिश्चंद्राची कसोटी लागू होत नाही. नमस्कार करून घरी यावे आणि दुसऱ्या दिवशी मापात थोडे कमी घालून धान्य विकावे, यात प्रेक्षकाला विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. पुराणातला बोध असा लांबूनच वंदनीय राहतो.

तो बोध आपल्या शेतात आणला तो कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. १९२५ सालचा त्यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. कर्जात बुडून जमीन गमावणारा आणि शेवटी शहरातल्या गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यात आहे, आणि तरुण शेतकऱ्याची ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. येथे देव नाही, राजा नाही, चमत्कार नाही. कागद आहे आणि त्यावर उठलेला अंगठा आहे. सोलापूरच्या गिरण्यांत ज्यांच्या घरची माणसे कामाला गेली, त्या आपल्या भागाला ही गोष्ट कुणी समजावून सांगायला नको. चित्रपट प्रथमच म्हणाला, ‘पाहा, हे तुझेच चालले आहे.’ बोध घेण्याची पहिली पायरी हीच. पडद्यावरचा माणूस ओळखीचा वाटला पाहिजे.

दुसरी पायरी याहून अवघड आहे. ओळखीच्या माणसांत आपण नेमके कोण, हे कळणे ती पायरी होय. याचे उत्तम उदाहरण म्हणून आम्ही प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’कडे बोट दाखवू. दामले-फत्तेलाल यांचा हा बोलपट १९३६ चा. त्याने मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक मुक्काम केला आणि पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहून लोक गहिवरले, हे तर सर्वश्रुत आहे. परंतु गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई पाहा. नवरा भजनात रंगलेला, हाती येईल ते वाटून टाकणारा, मुले भुकेली, आणि ही बाई देवळात जाऊन प्रत्यक्ष विठोबाला फैलावर घेते. संताची थोरवी जराही उणी न करता तिची भूकही खरी आहे, हे चित्रपट दाखवितो. देवळातून बाहेर पडावे तसे चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या गृहस्थांपैकी किती जणांनी मनाशी विचारले असेल, की आपल्या घरी तुकाराम कोणीच नाही, मग जिजाई मात्र का आहे? गावकीत, सभेत, सप्ताहात आपण नावाजले जातो आणि त्याची किंमत घरात कोण मोजते, हा प्रश्न त्या चित्रपटात होता. ज्याला दिसला त्याला दिसला. बाकीच्यांनी अभंग ऐकले आणि तेवढ्यावर समाधान मानले.

यानंतरचे वर्ष ‘कुंकू’चे. १९३७ चा हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला. मूळ कादंबरी पुन्हा नारायण हरी आपट्यांचीच. उतारवयाचा वकील काकासाहेब, फसवून त्याच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा, आणि त्या लग्नाला मान तुकवायचे नाकारणारे तिचे वागणे. केशवराव दाते आणि शांता आपटे यांनी ही कामे केली. जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न मराठी माणसाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले होते. या दोहोंमध्ये अडतीस वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात आपण काय शिकलो ते दोन्हींचे शेवट शेजारी शेजारी ठेवले की कळते. ‘शारदे’त लग्न मोडते ते वधूवर एका गोत्राचे निघाले म्हणून. म्हातारा शहाणा होत नाही; शास्त्र आडवे येते म्हणून मुलगी वाचते. ‘कुंकू’त शास्त्र, कायदा, पंच कोणी मध्ये येत नाही. येतो तो काकासाहेबाचा स्वतःचा विवेक. ज्या बाईला आपण बायको म्हणून आणले तिचे आयुष्य आपण अडवून ठेवले आहे, हे त्याला कळते. त्यावर त्याने शोधलेला उपाय, स्वतःचा जीव देण्याचा, आम्हांस मान्य नाही. अन्याय करणाऱ्याने मरून मोकळे होण्यापेक्षा जगून भरपाई करावी, हे अधिक बरे. परंतु चूक समजायला दुसऱ्या कुणी हात धरावा लागला नाही, ही गोष्ट मोठी आहे. नात्यातला अन्याय बहुधा असाच असतो. कोर्टाला तो दिसत नाही, शेजाऱ्यांना दिसूनही ते बोलत नाहीत. तो करणाऱ्यालाच दिसावा लागतो.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला त्या चित्रपटाकडे येतो.

१९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला. १९४१ साली प्रभातने ‘शेजारी’ काढला. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांताराम यांचे. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी, बुद्धिबळाचा डाव मांडून बसणारे जिवलग. गावात धरण बांधायला निघालेला धनिक येतो, जमिनीचा प्रश्न उपस्थित होतो, गैरसमज पेरले जातात आणि दोन घरे एकमेकांना पारखी होतात. अखेरीस धरण फुटते तेव्हा हे दोघे पुन्हा एकत्र येतात. पण एकत्र येतात ते मरणाच्या दारात. याच चित्रपटाची ‘पडोसी’ ही हिंदी आवृत्ती निघाली. तीत मुसलमान मिर्झाचे काम गजानन जागीरदार या हिंदू नटाने केले आणि हिंदू ठाकुराचे मझहर खान या मुसलमान नटाने. एकाने दुसऱ्याच्या अंगरख्यात शिरून पाहावे, एवढा साधा विचार त्यामागे होता. आम्हांस तर वाटते की कथेतल्या बोधापेक्षा ही पात्रयोजनाच अधिक बोलकी आहे.

चित्रपट लोकांना आवडला. वर्तमानपत्रांनी गौरविला. आणि सहाच वर्षांनी देशात काय झाले ते आपण जाणतो.

देशाचे सोडा, आपल्या जिल्ह्याचे बोलू. जळकोट तेव्हा निजामाच्या राज्यात. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करणारा; आणि लातूर तर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. रझाकारांनी या मुलखात जाळपोळ आणि लूट केली, लोक घरेदारे टाकून सरहद्दीपलीकडे सोलापूरकडे गेले, हा इतिहास दर सप्टेंबरात सांगितला जातो आणि तो सांगितला जायलाच हवा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून याच हमरस्त्याने आल्या आणि नळदुर्ग त्यांच्या हाती पडले. १७ तारखेला निजाम शरण आला. येथवरचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो.

त्याच्यापुढचे पान मात्र आपण सहसा उलटत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारीशी काडीचा संबंध नव्हता अशा असंख्य मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. वर्षअखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या समितीने या भागाचा दौरा केला, आणि सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत बिदर, गुलबर्गा व नांदेड यांच्या जोडीला आपले उस्मानाबाद होते. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आलाच नाही. दोन्ही बाजूंची दुःखे खरी आहेत. एका दुःखाने दुसरे फिटत नाही, आणि एक सांगितले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

तेव्हा ‘शेजारी’ने काय साधले? रोखठोक उत्तर द्यायचे तर, तीन तासांच्या चित्रपटाने वैर थांबत नाही. अंधारात बसून रडणे सोपे असते. तेथे आपल्याकडून कोणी काही मागत नाही. बाहेर आल्यावर दाराशी जमाव उभा असतो, तेव्हा मागणे असते.

परंतु त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणारे हिंदूही पुष्कळ निघाले. विशेषतः एकाच धंद्यातल्या माणसांत हा आपलेपणा अधिक दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे बळीही दिले. ही नोंद आम्हांस सगळ्या प्रवचनांहून मोलाची वाटते. ती माणसे का उभी राहिली? एका बाजारात सूत घेतले, एकाच व्यापाऱ्याशी भावासाठी भांडले, एकमेकांचे अडलेले माग सुरू करून दिले. वर्षानुवर्षांच्या या व्यवहाराने शेजाऱ्याला तोंडवळा दिला होता. जमावाला फक्त जात दिसते. ज्याने बरोबर काम केले त्याला माणूस दिसतो. जिवबा-मिर्झांचा बुद्धिबळाचा डाव म्हणजे याहून वेगळे काय होते? रोज समोरासमोर बसण्याची सवय, इतकेच.

आपल्या आसपास या सवयीचे दाखले कमी नाहीत. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातला मोठा काळ अणदुरात आणि उरलेला नळदुर्गात असते, आणि नेण्याआणण्याच्या वेळी दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. देव एक, गावे दोन, तरी भांडण नाही. कारण भाविकतेच्या जोडीला व्यवहार चोख ठेवला आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा, १६१३ च्या सुमाराचा बंधारा आहे. पावसाळ्यात त्यावरून पाणी कोसळताना पाहायला सगळ्या जातिधर्मांची माणसे जातात. चारशे वर्षे तो टिकला, कारण पाण्याला वाट कुठून द्यायची हे बांधणाऱ्याने आधीच ठरविले. शेजारधर्माचेही तसेच आहे. तंटे येणारच, ते कोणत्या वाटेने मिटवायचे हे पूर येण्याआधी ठरलेले असावे लागते.

म्हणून चित्रपटाचा बोध घ्यावयाचा कसा, याविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा सुटला की माणसे घोळक्याने घरी चालत. त्या वाटेवर अर्धा सिनेमा पुन्हा घडे. काकासाहेबाची बाजू घेणारा एखादा असे, त्याला नीरेच्या बाजूने झापणारी एखादी असे. बोध तंबूत होत नसे, तो त्या वाटेवर होई. आज चित्रपट ज्याच्या त्याच्या मुठीतल्या मोबाइलवर आला आहे. सोय झाली, परंतु वाट गेली आणि वाटेवरची माणसेही गेली. एकट्याने पाहिलेल्या चित्रपटात आपण नेहमी नायकच असतो. आपण जिजाईचे नवरे आहोत, नीरेचे काकासाहेब आहोत, हे सांगायला शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते.

तेव्हा महिन्यातून एखादा जुना चित्रपट घरातल्या सगळ्यांनी एकत्र पाहावा आणि पाहून झाल्यावर सुनेला, आईला, धाकट्याला आधी बोलू द्यावे. ‘शेजारी’ पाहण्याचा योग आला तर ज्यांच्याशी आपले बोलणे कमी आहे अशा एखाद्या घराला बोलावून पाहावा. चहा आधी ठेवावा, चित्रपट मागाहून लावावा. जिवबा आणि मिर्झा यांचा समेट धरण फुटल्यावर झाला. आपल्या गावात अजून वेळ आहे.