नाखवा, नोखदा आणि निम्म्या किमतीचे इंजिन

आपल्याकडे कोळीवाड्यात होडीच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतात. इथे अमिरातीत मासेमारीच्या बोटीवरच्या कप्तानाला ‘नोखदा’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच फारसी ‘नाखुदा’चे, म्हणजे नावेच्या धन्याचे, नातेवाईक आहेत. ‘खलाशी’ आणि ‘बंदर’ हे शब्दही आपल्या भाषेत याच पाण्यावरून आले. पण शब्दांपेक्षा मोठे साम्य वेगळेच आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत दोन्ही किनाऱ्यांवरच्या सरकारांनी या नाखव्याला जगवण्यासाठी जवळजवळ एकच औषध दिले, आणि दोन्हीकडे त्याचे परिणामही बरेचसे सारखे झाले. आपण दर शुक्रवारी बाजारात सुरमईचा भाव विचारून पुढे सरकतो. त्या भावामागची ही थोडी गोष्ट आहे.

आधी या किनाऱ्याकडे बघू. तेल सापडण्यापूर्वी इथली कुटुंबे मोत्यांवर आणि माशांवर जगत. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता. १९३० च्या दशकात जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी एकदमच आली आणि मोत्यांचा धंदा बसला. उरली मासळी. पूर्व किनाऱ्यावर, फुजैरा-खोर फक्कानकडे, खजुराच्या झावळ्यांच्या देठांपासून बांधलेल्या ‘शाशा’ नावाच्या छोट्या होड्या किनाऱ्याजवळच्या मासेमारीसाठी वापरत. इतरत्र लाकडी होड्या होत्या आणि त्यांचे सागवान मलबारहून येई. दुबईत देऱ्याचा मासळी बाजार १९५८ साली सुरू झाला. आपल्यापैकी जुन्या मंडळींना तो चांगला आठवत असेल. २०१७ मध्ये तो बंद होऊन वॉटरफ्रंट मार्केट आले.

मग तेल आले आणि उलटाच प्रश्न उभा राहिला. ज्यांचे बाप-आजे समुद्रावर गेले त्यांच्या मुलांना सरकारी नोकऱ्या मिळू लागल्या. पहाटे उठून जाळी कोण ओढणार? १९७१ साली संघराज्य झाल्यावर कृषी व मत्स्य मंत्रालयाने मच्छीमारांसाठी मदतीचा मार्ग धरला: बिनव्याजी कर्ज, इंजिने दुरुस्त करायला कार्यशाळा आणि सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे निम्म्या किमतीत बोटीचे इंजिन. हेतू चांगला होता. कुटुंबाचा धंदा कुटुंबातच राहावा आणि देशाने आपली मासळी आपणच धरावी, एवढाच.

आता आपल्या किनाऱ्याकडे. मुंबई सरकारने १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेची ट्रॉलर बोट मुंबईजवळच्या समुद्रात फिरवून पाहिली. खर्चाच्या मानाने हाती काही लागले नाही आणि प्रयोग गुंडाळला गेला. म्हणजे सरकारला मोठ्या बोटींचे वेड जुनेच. खरे काम पुढे झाले, आणि ते कोळ्यांच्या स्वतःच्या होड्यांवर. १९५० च्या दशकात मुंबई राज्याने कर्ज आणि अनुदान देऊन त्याच होड्यांत डिझेल इंजिने बसवायला सुरुवात केली. सातपाटी, वसई, वर्सोवा या भागातल्या लोकांनी हे आधी उचलले. सातपाटीच्या दोन सहकारी सोसायट्यांचे नाव तर पापलेटशी कायमचे जोडले गेले आहे.

इंजिनाने नक्की काय केले ते समजायला थोडे रसायनशास्त्र हवे. (सवय जात नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) समुद्रातल्या माशाच्या अंगात एक बिनवासाचे संयुग असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमीन करतात. आपण ज्याला ‘मासळीचा वास’ म्हणतो तो हाच. हे काम किती वेगाने होते ते तापमानावर ठरते. शून्य अंशाला मासा जितका बिघडतो, त्याच्या साधारण चौपट वेगाने तो दहा अंशांना आणि नऊपट वेगाने वीस अंशांना बिघडतो. मे महिन्यात पालघरच्या खाडीत वारा पडला आणि शिडाची होडी चार तास अडकली, तर पापलेटचे काय होत असेल ते सांगायला नको. बोंबील तर अंगाने पाणीच पाणी, म्हणून तो बहुतेक सुकवायचाच. इंजिनामुळे होडी वेळेवर बंदराला लागू लागली, आणि सोसायट्यांनी बर्फाची सोय केली तेव्हा तो मासा ताजा म्हणून मुंबईला पोहोचू लागला. माझ्या मते कोळी कुटुंबांना सरकारी मदतीने जे खरे सुख दिले ते या दहा-पंधरा वर्षांत, आणि त्यात इंजिनाइतकाच बर्फाचा वाटा आहे. बर्फाची आठवण मात्र कोणी ठेवत नाही.

यानंतर १९६६ साल येते. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. या बातमीने दोन्ही किनारे हलले. आखातात तोपर्यंत ‘गल्फ रुपया’ चाले. भारत सरकारने तो १९५९ मध्ये खास इथल्यासाठी काढला होता. एका रात्रीत सगळ्यांच्या पेट्यांतल्या पैशाची किंमत उतरली. अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला, दुबईने कतारबरोबर रियाल काढला आणि रुपयाशी असलेला जुना संसार मोडला. (दिरहम आला तो पुढे १९७३ मध्ये.) भारतात मात्र त्याच निर्णयाने कोळंबी सोन्याची झाली. परदेशी पाठवलेल्या प्रत्येक डॉलरच्या मालाला आता दीडपटीहून जास्त रुपये मिळू लागले. ज्यांचा समुद्राशी काही संबंध नव्हता असे भांडवलवालेही ट्रॉलर घेऊ लागले.

इथे सरकारी मदतीची दिशा फिरली. पूर्वी कोळ्याच्या होडीत इंजिन बसत होते. आता इंजिनासाठी होडी बांधली जाऊ लागली. राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडून राज्य सरकारमार्फत सोसायट्यांना यांत्रिक बोटींसाठी कर्जे मिळू लागली. कर्ज सोसायटीलाच, ही अट चांगली. पण त्यामुळे कर्जासाठी म्हणून स्थापन झालेल्या कागदी सोसायट्याही निघाल्या. थकबाकीची चर्चा तर आजही संपलेली नाही. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. त्यात कोळंबीबरोबर पोरसवदा मासेही येतात.

दुसरीकडे, इंजिन आल्यावर होडी लांब जाऊ लागली, आणि लांब म्हणजे दुसऱ्या गावाच्या हद्दीत. डोल जाळ्यांसाठी समुद्रात खांब रोवायच्या जागा, ज्यांना ‘कव’ म्हणतात, त्यावरून वसईकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात जो वाद पेटला तो कित्येक दशके चालला. शिडाच्या काळात वारा आणि अंतर हेच न्यायाधीश होते. सरकारने इंजिन दिले, पण न्यायाधीश दिला नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला तो १९८१ मध्ये, म्हणजे मदत सुरू झाल्यानंतर जवळजवळ पिढीभराने. पर्ससीन जाळ्यांवरचे मोठे निर्बंध फेब्रुवारी २०१६ मध्ये आले आणि कडक दंड २०२१ च्या दुरुस्तीत.

या काळात घरातल्या बाईचे काय झाले हेही लिहायला हवे. होडीचा मासा पूर्वी घरात येई आणि कोळीण तो विके. भाव तिच्या तोंडी आणि पैसाही तिच्या कमरेला. मोठ्या बोटींचा माल लिलावात व्यापाऱ्याकडे जाऊ लागला, तशी तीच बाई पहाटे ससून डॉकला जाऊन दुसऱ्याचा मासा विकत घेणारी किरकोळ विक्रेती झाली. मदतीच्या योजनांत तिचे नाव बराच काळ कुठे नव्हते. होडी नवऱ्याच्या नावे, इंजिन नवऱ्याच्या नावे, डिझेलवरच्या कराचा परतावाही त्याच्याच नावे. हा परतावा सोसायटीमार्फत मिळतो आणि त्याच्या थकलेल्या रकमेची तक्रार दर वर्षी होते.

आणि इकडे आखातात? इकडे धंद्याचे रूपच बदलले. परवाना नागरिकाचा, बोट नागरिकाची, पण जाळी ओढणारे हात बहुतेक भारतीय आणि बांगलादेशी. हे लक्षात आल्यावरच १९९९ च्या संघीय कायद्याने, क्रमांक २३, बोटीवर नोखदा नागरिकच असला पाहिजे असा नियम केला. कुटुंबाचा धंदा टिकवण्यासाठी मालकाला प्रत्यक्ष बोटीत बसवावे लागते, यातच सगळे आले. मासळीचे म्हणाल तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशाची वर्षाची धर एक लाख टनांच्या वर होती. २०१० च्या सुमारास ती ऐंशी हजारांच्या आसपास आली. अबू धाबीने २००२ मध्ये समुद्राची पाहणी करून ती १९७८ च्या पाहणीशी ताडून पाहिली, तेव्हा तळाजवळ राहणाऱ्या माशांचा साठा ८१ टक्क्यांनी घटलेला आढळला. हमूर, म्हणजे आपला हेकरू किंवा गोब्रा, टिकाऊ मर्यादेच्या सातपटीहून जास्त पकडला जात होता. हमूर सावकाश वाढतो. त्यातले बहुतेक मासे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर काही नर होतात. तेव्हा मोठे मासे वेचून काढले की नरच कमी पडतात. निम्म्या किमतीच्या इंजिनाला हे कोण सांगणार?

यानंतर इथल्या सरकारने जे केले ते मला जास्त शिकण्यासारखे वाटते. शारी आणि सफी या माशांना अंडी घालायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पकडण्या-विकण्यावर २०१५ च्या ठरावाने बंदी आली. अबू धाबीने २०१९ मध्ये ‘गरगूर’ हे तारेचे पिंजरे बंद केले. पिंजरा हरवला तरी तळाशी पडून मासे मारत राहतो, हे त्याचे एक कारण. अबू धाबीच्या पर्यावरण संस्थेचा टिकाऊ मासेमारीचा निर्देशांक २०१८ मध्ये ८.९ टक्के होता, तो २०२४ मध्ये ९७.४ टक्क्यांवर गेल्याचे संस्थेने जाहीर केले आहे.

अर्थात इथे हे जमले याचे एक कारण असे की पोटासाठी समुद्रावर अवलंबून असलेली नागरिक कुटुंबे थोडी आहेत. महाराष्ट्रात २०१० च्या गणनेत ४५६ मच्छीमार गावे आणि ३ लाख ८६ हजार माणसे होती. तिथे ‘पिंजरे बंद’ असे फर्मान काढून भागत नाही. खलाशाच्या घरी चूल पेटायची असते. तरीही १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी आपल्याकडे पाळली जाते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी दर्यात घालायची नाही, ही जुनी रीत तिच्या पाठीशी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्यासाठी सातपाटीच्या मच्छीमारांनीच आग्रह धरला होता, कारण ज्या माशावर त्यांचे गाव उभे राहिले तोच मिळेनासा होत होता.

या दोन किनाऱ्यांचा प्रश्न शेवटी एकाच सभागृहात आला, आणि तेही आपल्या शेजारी. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेची तेरावी मंत्रिपरिषद अबू धाबीत भरली. मासेमारीच्या अनुदानांवरचा पहिला करार २०२२ मध्ये जिनिव्हात झाला होता. बोटींची संख्या आणि ताकद वाढवणाऱ्या अनुदानांचा प्रश्न राहिला होता आणि तो इथे सुटायचा होता. सुटला नाही. भारताचे म्हणणे असे होते की आमच्या मच्छीमाराला वर्षाला जेमतेम १५ डॉलरची मदत मिळते, तर काही युरोपीय देशांत हा आकडा हजारो डॉलरमध्ये आहे. दूर समुद्रात मोठी जहाजे पाठवणाऱ्या देशांनी आधी २५ वर्षे आपली अनुदाने थांबवावीत आणि विकसनशील देशांना तेवढा अवधी द्यावा. यातली तक्रार मला रास्त वाटते. पण २५ वर्षे पापलेट थांबेल का, हा प्रश्न सातपाटीला विचारला पाहिजे, जिनिव्हाला नव्हे. पहिला करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. दुसऱ्यावर अबू धाबीत एकमत झाले नाही.

आपल्या मंडळात पालघर, वसई, अलिबाग, रत्नागिरीकडची कुटुंबे आहेत. कोणाच्या घरी सोसायटीची जुनी पासबुके, इंजिनाच्या कर्जाचे कागद किंवा होडीच्या वाट्यांचे हिशेब असतील, तर त्यांच्या झेरॉक्स प्रती मंडळाकडे द्याव्यात. आई-आजीने मासळी विकली असेल तर तिच्याकडून त्या वेळचे भाव विचारून लिहून पाठवावेत. पुढच्या अंकांत ते छापू.