पंचवटीची कथा, जपानी कुंचला
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सीतागुंफेत अंग चोरून उतरणं नाशिककरांना नवं नाही. रावणाने सीतेला पळवलं ते इथूनच, ही पंचवटीची श्रद्धा. मी आज या कथेकडे वेगळ्या वाटेने जाणार आहे. ताटातूट झालेल्या या जोडप्याला पडद्यावर आणण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. त्यांतला एक नाशिकचा आणि एक जपानचा, असे दोन मला एकमेकांशेजारी ठेवावेसे वाटतात.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, १९१३ मध्ये, नाशिकला आले. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि कच्च्या फिल्मची टंचाई झाली. तरी हा गृहस्थ स्वस्थ बसला नाही. एकेक काडी सरकवायची, एकेक चित्र टिपायचं, असं करत त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. निर्जीव काड्या पडद्यावर हलू लागल्या! मग १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात राम अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच. आज हसू येईल. पण ही कथा विरहाची. दोघं दूर असल्यामुळेच एका नटावर भागलं असावं.

दुसरा प्रयत्न युगो साको यांचा. अलाहाबादजवळच्या उत्खननावर माहितीपट करायला हे जपानी दिग्दर्शक भारतात आले आणि रामायणाने त्यांना धरून ठेवलं. जपानी धाटणीच्या चित्रपटाला ‘ॲनिमे’ म्हणतात. हाताने काढलेली हजारो चित्रं त्यात ओळीने धावतात. देवाधर्माची कथा जिवंत नटापेक्षा रेखाटनात अधिक शोभेल, असं साकोंना वाटे. पण १९८३ मध्ये माहितीपटाच्या बातमीवरून गैरसमज झाला आणि विश्व हिंदू परिषदेने जपानी वकिलातीकडे निषेध नोंदवला. सरकारनेही सहनिर्मितीला नकार दिला. रामायणाचं ‘कार्टून’ कसं करता, हा आपला प्रश्न! काड्या नाचवणाऱ्या फाळक्यांच्या देशाने तो विचारावा, याचं मला वाईट वाटतं.

अखेर चित्रं जपानात काढली गेली. सुमारे साडेचारशे कलावंत, लाखाच्या घरात चित्रं. आपले राम मोहन सहदिग्दर्शक होते, संगीत वनराज भाटियांचं. नेसणं कसं, नमस्कार कसा, हे जपानी चित्रकारांना भारतीयांनी समजावून दिलं.

युद्धाच्या प्रसंगांत या शैलीचं बळ दिसतं. नागपाश, अदृश्य होऊन लढणारा इंद्रजित, आकाशातून जाणारं पुष्पक, या साऱ्या गोष्टी आजच्या मुलांना विज्ञानकथेसारख्या वाटतात. (म्हणून पूर्वी आपल्याकडे विमानं होती, असं कृपा करून कोणी सिद्ध करू नये. कल्पनेची झेप पुरेशी आहे.)

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. रावण पडतो, दोघं भेटतात, अयोध्येची वाट धरतात आणि चित्रपट संपतो. पुढचा सीतात्याग त्यात नाही. युद्धात टिकलेलं प्रेम राज्य मिळाल्यावर टिकलं नाही, ही या कथेतली खरी शोकांतिका. तीच गाळली गेली. मुलांसाठी गाळली असेल, पण मोठ्यांना चुकल्यासारखं होतं.

१९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट नव्या, लखलखीत प्रतीत २०२५ च्या जानेवारीत इथल्या चित्रपटगृहांत लागला. तो पाहायला साको नव्हते. २०१२ मध्येच ते गेले. राम मोहनही २०१९ मध्ये गेले. आणि ‘लंकादहन’ची तर थोडीशीच फिल्म आज शिल्लक आहे.