बिनकामाची पुली: पट्टा, बेरिंग आणि स्वारगेटची शिट्टी

आजचा भाग एका चाकाबद्दल आहे. तळहातावर मावेल एवढं चाक, मधोमध एक बेरिंग, आरपार एक बोल्ट. इंजिनावर बसलेलं असतं, पण पाणी फिरवत नाही, वीज तयार करत नाही. नुसतं फिरतं. म्हणून इंग्रजीत त्याचं नाव आयडलर, म्हणजे रिकामटेकडं. गॅरेजमध्ये 'आयडलर पुली' म्हणतात, नाहीतर सरळ 'पट्ट्याचं बेरिंग'. आणि सुपरचार्जर असलेल्या गाडीत हे रिकामटेकडं चाक बसलं, की अख्खी गाडी बसते.

आता पुण्यात सुपरचार्जरवाली गाडी आली कुठून? तर मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी १९९४ साली स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, गाड्यांची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. मधल्या काळात ज्या सी-क्लास निघाल्या, त्यांतल्या काहींच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' अशी अक्षरं होती. जर्मन भाषेत सुपरचार्जरला हाच शब्द आहे. आपल्याकडे कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा, त्यामुळे "कॉम्प्रेसर आवाज करतोय" असं मालकाने सांगितलं की मिस्त्री आधी विचारतो, "कुठला?" २००९ च्या सुमारास कंपनी या इंजिनांत टर्बोकडे वळली. म्हणजे रस्त्यावरच्या या कॉम्प्रेसर गाड्या आता चांगल्याच वयस्कर आहेत. पहिला मालक केव्हाच गेला, दुसरा किंवा तिसरा चालवतोय, आणि दुरुस्ती स्वारगेटच्या आसपास होते. कारण साधं आहे: नाना पेठेतला सुट्या भागांचा बाजार हाकेच्या अंतरावर आहे.

आता जरा मागे जाऊ. पट्टा मोटारीपेक्षा खूप जुना आहे. लहानपणी दळण घेऊन गेला असाल तर आठवेल, गिरणीत इंजिनापासून जात्यापर्यंत धावणारा तो रुंद पट्टा, आणि घसरायला लागला की त्यावर टाकायची राळ. जुने कारखाने असेच चालायचे. छताखाली एक लांब शाफ्ट, त्यावर ओळीने पुल्या, प्रत्येक पुलीवरून खाली एकेका यंत्राकडे उतरलेला पट्टा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा जगभर कारखान्यांची हीच रीत होती.

या रचनेत एक गंमत होती. शाफ्ट तर दिवसभर फिरणार, मग एकच यंत्र थांबवायचं कसं? त्यासाठी प्रत्येक यंत्राला दोन पुल्या शेजारी शेजारी असायच्या. एक घट्ट बसवलेली, एक सैल. लाकडी दांड्याने पट्टा सैल पुलीवर सरकवला की पट्टा फिरत राहायचा आणि यंत्र थांबायचं. ही सैल पुली म्हणजे आपल्या आयडलरची आजी. तिचंही काम फिरत राहणं एवढंच, आणि झिजायचीही तीच आधी, कारण कोरड्या बुशवर दिवसभर फिरायची.

बेरिंगची गोष्टसुद्धा याच छताखाली सुरू होते. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण अभियंता होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचायची, इमारत किंचित कलायची, लांब शाफ्ट वाकडा व्हायचा आणि बेरिंगं जळायची. १९०७ मध्ये त्याने स्वतःला सांभाळून घेणारं बॉल बेरिंग काढलं, शाफ्ट थोडा कलला तरी चालणारं. त्याच वर्षी एसकेएफ उभी राहिली. साठच्या दशकात हीच कंपनी चिंचवडला आली. स्वीडनच्या चिखलातली अडचण, तिच्यातून निघालेला धंदा आणि आपल्या चिंचवडचा कारखाना, हा धागा मला फार आवडतो.

आता सुपरचार्जर. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एकमेकांत अडकून फिरणारे दोन पाळणे, अशी त्याची रचना. मोटारीशी त्याचा काही संबंध नव्हता. इंजिनात जादा हवा कोंबली तर जादा इंधन जाळता येईल, हा विचार डाइमलरच्या १८८५ च्या पेटंटात दिसतो. प्रत्यक्ष विक्रीची मोटार यायला १९२१ उजाडलं. त्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. पायाने ॲक्सिलरेटर तळाला दाबला की सुपरचार्जर जोडला जायचा आणि किंकाळी फुटायची.

आपल्या मराठी माणसांतही हा शौक पोहोचला होता. इंदूरच्या यशवंतराव होळकरांकडे १९३५ ची ड्यूसेनबर्ग एसजे होती. अमेरिकन इंजिन आणि लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली बॉडी. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. पण त्या गाडीत आयडलर पुली शोधायला जाऊ नका. तिथे सुपरचार्जर गिअरवर चालायचा. बर्लिनच्या मर्सिडीजमध्येही तेच. गिअर घसरत नाही, ताणावा लागत नाही, पण महाग पडतो, आवाज करतो, आणि अडकला तर सरळ दात मोडतो.

साध्या मोटारीत मात्र पट्टाच आला. १९१७ मध्ये डेन्व्हरच्या जॉन गेट्सने रबर आणि कापडाचा व्ही आकाराचा पट्टा केला आणि चामड्याचा जमाना संपला. ज्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवली त्यांना पुढचं ठाऊक आहे. पट्टा सैल झाला की डायनामोचा बोल्ट ढिला करायचा, पहारीने तो बाहेर रेटायचा, बोल्ट आवळायचा आणि अंगठ्याने पट्टा दाबून बघायचा. ताण देणारं वेगळं चाक नव्हतंच. ते काम डायनामो, पहार आणि मिस्त्रीचा अंगठा मिळून करायचे.

मग १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये सगळ्यांसाठी एकच लांब पट्टा आला, सापासारखा वळणं घेत जाणारा. आतून बारीक उभ्या नाळ्या, पाठ सपाट. एकाच पट्ट्यावर पाण्याचा पंप, अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप, एसी. आता कुणा एकाला सरकवून ताण देणं शक्यच नव्हतं. म्हणून स्प्रिंगचा टेन्शनर आला, आणि पट्टा वळवायला, प्रत्येक पुलीभोवती त्याचा पुरेसा वेढा पडावा म्हणून, आयडलर आले. माझ्या मते या चाकाचा खरा जन्म इथे आहे. अंगठ्याचं काम त्याच्याकडे गेलं, आणि अंगठा गेल्यावर दर महिन्याला पट्ट्याकडे बघणारी नजरही गेली.

कॉम्प्रेसरवाल्या इंजिनात याच रांगेत सुपरचार्जर येऊन बसला. तो फुकट हवा देत नाही, क्रँककडून पट्ट्यामार्फत ताकद ओढतो. ॲक्सिलरेटर दाबला की पट्टा एका बाजूने एकदम ताणला जातो, सोडला की ढिला पडतो, आणि हे झटके आयडलरचं बेरिंग खातं. वर वेग बघा. क्रँकची पुली १५० मिलिमीटरची आणि आयडलर ७५ चा धरला, तर इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना आयडलर ६००० वर असतो. आतलं ग्रीस कारखान्यात भरलेलं, दोन्ही बाजूंनी रबरी सील. इंजिनची धग, पावसाळ्यातलं रस्त्याचं पाणी, वर्षानुवर्षं. एक दिवस ग्रीस सुकतं आणि सकाळी गाडी सुरू करताना शिट्टी ऐकू येते, मग चरचर.

या शिट्टीवर काय करू नये ते आधी सांगतो. गिरणीची राळ आठवून पट्ट्यावर कसलाही फवारा मारू नका. आवाज दोन दिवस जाईल, बेरिंग मरतच राहील. चांगला मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पुलीच्या बोल्टवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो, हलत्या पट्ट्यापासून बाही सांभाळत. मग इंजिन बंद करून पट्ट्याच्या वळणांचा मोबाइलवर फोटो काढतो. हे विसरलात तर परत बसवताना अर्धा तास डोकं खाजवाल. पान्याने टेन्शनर फिरवून पट्टा सोडवायचा आणि एकेक पुली हाताने फिरवायची. चांगली पुली जड आणि गुळगुळीत फिरते. भिंगरीसारखी सुटली तर ग्रीस संपलं, खरखरली तर गोळ्या खाल्ल्या, डगमगली तर विषयच नाही.

खरी घासाघीस इथे सुरू होते. अख्खी पुली घ्यायची की नुसतं बेरिंग? अशा पुल्यांत बरेचदा ६२०३ नंबरचं बेरिंग असतं. आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरून ४०, जाडी १२. नाना पेठेत काउंटरवर नंबर सांगितला की लगेच मिळतं, पुलीच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्तात. पण ६२०३ हे फक्त माप आहे. पुढे सी३ लिहिलंय का, म्हणजे गरम होऊन फुगायला आत जागा ठेवलीय का, सील रबराचं आहे की पत्र्याचं, ग्रीस किती उष्णता सोसतं, हे नंबरात येत नाही. साध्या मोटरचं ६२०३ चपखल बसेल आणि एका उन्हाळ्यात जाईल. शिवाय प्लॅस्टिकच्या पुलीतून जुनं बेरिंग दाबून काढताना पुलीच तडकते. लोखंडी पुली शाबूत असेल तर योग्य बेरिंग घालणं यात मला काहीच कमीपणा वाटत नाही, ते कौशल्याचं काम आहे. प्लॅस्टिकची असेल तर अख्खी बदला.

आणि एक आयडलर गेला असेल तर सगळे बदला, टेन्शनरही तपासा, पट्टा नवा घाला. सगळे एकाच दिवशी बसवलेले, तेवढेच फिरलेले असतात. सपाट पुली कुठे आणि नाळीची कुठे हे फोटोवरून ताडून बघा. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळा.

टाळलं तर काय होतं? स्वारगेट सोडून तुम्ही साताऱ्याकडे निघालात. कात्रजच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला, बेरिंग अडकलं, पुली तापली, पट्टा उतरला. सुपरचार्जर थांबला, हे सर्वांत कमी नुकसान. स्टिअरिंग एकदम दगडासारखं होतं, बॅटरीचा लाल दिवा लागतो, आणि ज्या गाड्यांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर आहे, तिथे तापमानाचा काटा वर चढायला लागतो. तेव्हा वरपर्यंत पोहोचू असा हिशोब करू नका. गाडी डाव्या बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. पट्टा काही हजारांत येतो, हेड वाकलं तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा भाग त्यातच जातो.