सुनावणं म्हणजे मुत्सद्देगिरी नव्हे

आपल्या एखाद्या राजनैतिक अधिकाऱ्याने दुसऱ्या देशाला चार शब्द सुनावले की ती क्लिप दिवसभर ग्रुपवर फिरते. 'कसं झापलं बघा!' मीही अशा क्लिप पुढे ढकलल्या आहेत. पण या लोकांचं खरं काम कसं चालतं हे समजून घ्यायचं तर ऑक्टोबर १९६२ कडे बघावं लागतं.

सोव्हिएत युनियनने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली होती. अमेरिकेने नाकेबंदी केली. २६ ऑक्टोबरला क्रुश्चेव्हचं पत्र आलं: क्युबावर हल्ला करणार नाही असं वचन द्या, आम्ही क्षेपणास्त्रं काढतो. दुसऱ्याच दिवशी मॉस्को रेडिओवरून वाढीव अट आली: तुर्कस्तानातली तुमची क्षेपणास्त्रंही हटवा. त्याच दिवशी क्युबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक ठार झाला. युद्ध दारात उभं होतं.

केनेडींना वाटत होतं की आता पहिल्या पत्रावर क्रुश्चेव्ह मानणार नाही. बैठकीत एका माणसाने त्यांना तोंडावर सांगितलं की मानेल. तो लेवेलिन थॉम्प्सन. १९५७ ते १९६२ मॉस्कोत राजदूत होता, रशियन बोलायचा, क्रुश्चेव्हला जवळून ओळखायचा. त्याचं म्हणणं साधं होतं: 'मी क्युबा वाचवला' असं क्रुश्चेव्हला आपल्या लोकांना सांगता आलं पाहिजे. तेवढं पुरे.

मग उत्तर पहिल्या पत्राला गेलं. त्याच संध्याकाळी रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना एकट्याने भेटले. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील, पण याची वाच्यता नको, असं सांगितलं. २८ तारखेला क्रुश्चेव्हने माघार जाहीर केली. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही निघाली.

यात कुणी कुणाला झापलं नाही. समोरच्याला घरी काय घेऊन जायचंय हे ओळखणं, आपल्या साहेबाला 'तुमचं चुकतंय' म्हणणं, आणि दिलेला शब्द पोटात ठेवणं, एवढंच घडलं. एवढंच म्हणतोय खरं, पण त्यासाठी थॉम्प्सनची मॉस्कोतली पाच वर्षं खर्ची पडली होती.

या गुप्ततेची किंमतही होती. तुर्कस्तानची बाजू अनेक वर्षं झाकलेली राहिली. त्यामुळे जगाने धडा घेतला तो असा: केनेडी ताठ राहिले, म्हणून रशिया वाकला. हा अर्धाच इतिहास. आणि अर्ध्या इतिहासावर विसंबून परराष्ट्र धोरण ठरवायला निघालं की लोकांना फक्त ताठ मान दिसते, देवाणघेवाण दिसतच नाही.

म्हणून आता अशी क्लिप आली की पुढे पाठवण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: एवढं सुनावल्यावर समोरच्याला मागे फिरायला वाट उरली का?