दारावरचें भुंकणें

पाहुणा दारांत उभा राहिला कीं घरचें कुत्रें त्याच्यावर भुंकतें आणि आपण ओशाळून कुत्र्यालाच दटावतों. फुलंब्रीस एकदां माझ्या एका जुन्या स्नेह्यावर आमचा मोती असाच धांवला. मीं त्याला छडी मारली; मास्तराच्या घरीं ती हाताशींच असावयाची! हा न्याय कितपत योग्य होता?

या तंट्याची फार जुनी नोंद ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील ५५ व्या सूक्तांत आढळते. रात्रीं कोणाच्या तरी घरापाशीं आलेला गायक ‘सारमेया’ची, म्हणजे इंद्राच्या सरमा नांवाच्या कुत्रीच्या वंशजाची, विनवणी करतो. कुत्र्याचे दांत त्याला भाल्यांप्रमाणें चकाकतांना दिसतात. चोरावर खुशाल भुंक, पण आम्हां इंद्राच्या स्तोत्यांवर कां, असें त्याचें गाऱ्हाणें आहे. शेवटीं आई, बाप, कुत्रा, घरधनी या सर्वांनाच तो झोंप चिंतितो. तेव्हां त्याच्या हेतूविषयीं पंडितांना शंका यावी यांत नवल नाहीं. ‘बृहद्देवता’ या ग्रंथांत तर रात्रीं वरुणाच्या घरीं शिरलेला हा गृहस्थ खुद्द वसिष्ठच होता, असें सांगितलें आहे! ऋषि आणि चोर यांतील भेद कुत्र्याला कोठून कळावा? अनोळखी, एवढेंच तें जाणतें.

पण तें सांगतें कोणाला? कुत्र्याचा पूर्वज लांडगा. प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो. मनुष्याच्या सहवासांत मात्र भुंकणें वाढलें. बुडापेस्टच्या संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हंगेरीच्या ‘मूडी’ जातीच्या कुत्र्यांचे ध्वनिमुद्रित आवाज लोकांना ऐकविले. परक्यावरचें भुंकणें कोणतें व खेळांतलें कोणतें, हें ऐकणाऱ्यांना बरेंचसें ओळखतां आलें. म्हणजे तो आवाज पाहुण्याला धमकी असतो, तशीच घरांतील माणसांना वर्दीहि असते.

टपालवाल्याची गोष्ट निराळी. तो पत्र टाकून जातो तो आपल्या कामानें. कुत्र्याला मात्र वाटतें, आपणच त्याला हांकलला. असा विजय रोज पदरीं पडल्यावर संवय कशी सुटावी? अशा वेळीं घरधनीहि ओरडूं लागला, तर कुत्र्याला आपल्याला साथ मिळाल्यासारखेंच वाटत असावें.

त्या दिवशीं स्नेही ओट्यावर टेकले, आमच्या गप्पा सुरू झाल्या आणि मोती आपण होऊन त्यांच्या जोड्यांपाशीं जाऊन निजला. छडी मात्र आधींच बसून गेली होती.