बंद करण्याचं कारण

विंडोज सर्व्हर २००३ वर ज्यांनी कधी काम केलंय त्यांना एक खिडकी हमखास आठवत असेल. शट डाऊन म्हटलं की मशीन गुपचूप बंद होत नसे. आधी विचारायचं, का बंद करताय? यादीतून कारण निवडा, ठरवून करताय की अचानक ते सांगा, आणि खालच्या चौकटीत खुलासा लिहा. कारण 'इतर' असेल तर खुलासा लिहिल्याशिवाय ओकेचं बटण उजळायचंच नाही. बहुतेक अॅडमिन लोकांनी यावर एकच तोडगा काढला होता: चौकटीत एक टिंब टाकायचं आणि पुढे जायचं. फारच वैताग आला असेल तर कीबोर्डवर चार बोटं आपटायची.

माझी आणि या सिस्टिमची ओळख तशी फार उशिरा झाली. ती बाजारात आली तेव्हा मी जेमतेम पहिलीत असेन. २०२२ मध्ये आमच्या एका क्लायंटचे सर्व्हर नव्या जागी हलवायचे होते. (नाव नको. पुण्याजवळचा कारखाना, एवढं पुरे.) यादीत एकोणीस मशीन्स. अठरांपुढे व्यवस्थित माहिती, आणि एकोणिसाव्यापुढे फक्त एक शेरा: 'स्टोअर. हात लावू नये.'

साहजिकच आधी तिकडेच गेलो. स्टोअरच्या मागच्या खोलीत एक पिवळट पडलेला टॉवर, त्यावर दसऱ्याची वाळलेली झेंडूची माळ, आणि शेजारी खुर्चीवर ते मशीन पहिल्या दिवसापासून सांभाळणारे काका. मी लॉग उघडला. ही सिस्टिम अचानक बंद पडली तरी सोडत नाही. पुढच्या वेळी लॉगिन केलं की विचारते, मागच्या वेळी काय झालं होतं? ती उत्तरं जपून ठेवलेली असतात. जेवढ्या जुन्या नोंदी शिल्लक होत्या तेवढ्यांत काकांनी इंग्रजी अक्षरांत इमानेइतबारे लिहिलं होतं: लाईट गेली. लाईट गेली. यूपीएस गेला. लाईट गेली. एकदा नुसतंच 'पाऊस'.

टिंब एकही नव्हतं! मला तो माणूस तिथेच आवडला.

आता ही सिस्टिम एवढ्या चौकशा का करते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९ जुलै २००१ या दिवशी कोड रेड नावाच्या किड्याने (वर्म म्हणजे किडाच ना!) चौदा तासांच्या आत सुमारे ३ लाख ५९ हजार मशीन्स पछाडली. तो शिरत होता आयआयएसमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमधून. गंमत अशी की कित्येकांना आपल्याकडे वेब सर्व्हर चालू आहे हेच ठाऊक नव्हतं. विंडोज २००० सर्व्हर टाकला की आयआयएस आपोआप सोबत यायचा, लग्नाच्या आहेरातल्या भिंतीवरच्या घड्याळासारखा. कुणी मागत नाही, पण येतं. सप्टेंबरात निमडा आला, आणि गार्टनरने आयआयएस वापरणाऱ्यांना सरळ दुसरं काही बघा असा जाहीर सल्ला दिला.

१५ जानेवारी २००२ ला बिल गेट्सने सगळ्या कंपनीला मेल धाडली. सारांश असा की नवी सोय आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडायची वेळ आली तर सुरक्षितता निवडा. मग विंडोजचं नवं काम थांबवून सुमारे साडेआठ हजार लोकांना कोड तपासायला बसवलं. बेत महिनाभराचा होता, लागले दोन. सर्व्हरचं बारसंही धड होत नव्हतं. आधी व्हिसलर, मग डॉट नेट सर्व्हर, आणि जानेवारी २००३ मध्ये शेवटी विंडोज सर्व्हर २००३. त्याच महिन्याच्या २५ तारखेला स्लॅमर अवतरला. आकार फक्त ३७६ बाइट्स, पण सापडण्यासारख्या मशीन्सपैकी ९० टक्के त्याने दहा मिनिटांत गाठली. तो ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच सहा महिने आधीच आला होता. लोकांनी लावला नव्हता, एवढंच.

अशा वातावरणात २४ एप्रिल २००३ ला जी सिस्टिम बाजारात आली ती भेदरलेलीच असणार. आयआयएस आता मागितल्याशिवाय येत नव्हता, आणि आला तरी साधी पानं तेवढी दाखवायचा. बाकी सगळं एकेक करून चालू करावं लागे. ढीगभर सर्व्हिसेस मुळातच बंद. आवाज बंद, थीम्स बंद. ब्राउझर उघडला की प्रत्येक साईटला 'ही विश्वासाची आहे का?' असा प्रश्न. ड्रायव्हर उतरवायला गेलेला माणूस त्या खिडक्यांना ओके म्हणता म्हणता आपण काय शोधत होतो तेच विसरायचा. जुने लोक याच्या नावाने अजून बोटं मोडतात. मला विचाराल तर मायक्रोसॉफ्टने त्या काळात घेतलेला हा सर्वात शहाणा निर्णय होता. अर्थात मला रोज त्या खिडक्या बंद कराव्या लागल्या नाहीत.

सगळी भोकं काही बुजली नव्हती. तीन महिनेही झाले नाहीत तोच १६ जुलै २००३ ला आरपीसीमधल्या भोकाचा पॅच आला. विंडोज २००० आणि एक्सपीइतकंच ते भोक या नव्याकोऱ्या सर्व्हरमध्येही होतं. ऑगस्टमध्ये त्याचाच फायदा घेऊन ब्लास्टर आला. पण आधीच्या दोन वर्षांच्या तुलनेत अॅडमिन मंडळींना बऱ्यापैकी झोप मिळू लागली, हेही खरं.

काकांशी गप्पा मारताना कळलं की लोकांच्या आठवणीत किडे नाहीतच. आठवणीत आहे ती 'दोघांची' अट. दूरवरून कारभार पाहायला एका वेळी फक्त दोन रिमोट सेशन्स मिळायची. तिसरा आला की दारातूनच परत. आणि लोक तर लॉग ऑफ न करता नुसती खिडकी बंद करून चहाला जाणार! म्हणजे आत कुणीच नाही, पण दोन्ही खुर्च्यांवर रुमाल टाकलेले, एसटीतल्यासारखे. मग अख्ख्या ऑफिसात फोन, "कोण बसलंय रे सर्व्हरवर?" ज्याला एमएसटीएससीपुढे स्लॅश कन्सोल लिहून मागच्या दाराने शिरता यायचं तो त्या दिवसाचा हिरो.

दुसरी तऱ्हा हौशी मंडळींची. ही लोकं सर्व्हर २००३ चक्क घरच्या पीसीवर टाकायची. थीम्स चालू करा, आवाज चालू करा, शट डाऊनची ती चौकशी बंद करा, की झाली डेस्कटॉप सिस्टिम. एक्सपीपेक्षा ती दणकट वाटायची, आणि त्यात अगदीच वेडेपणा नव्हता. ३२ बिटांच्या एक्सपीला चार जीबीच्या वर मेमरी वापरता येत नसे. सर्व्हर २००३ च्या एंटरप्राइझ आवृत्तीला ३२ बिटांतच त्याच्या कितीतरी पट चालायची. पुढे खुद्द मायक्रोसॉफ्टनेही तेच केलं. ६४ बिटांची एक्सपी २००५ मध्ये याच कोडवर बेतली गेली. आणि व्हिस्टाचं गाडं रुतल्यावर २००४ मध्ये तिचीही मांडणी सर्व्हर २००३ च्या पायावर नव्याने सुरू झाली.

मग असं चांगलं चाललेलं असताना गाडं अडलं कुठे? काकांच्या मशीनमध्ये उत्तर होतं: फॉक्सप्रो २.६, डॉसवरचं. कारखान्याचा सगळा स्टॉक त्यात. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला तो केव्हाच निघून गेलेला, सोर्स कोड सापडत नाही. ३२ बिटांचं विंडोज असे डॉसचे जुने प्रोग्रॅम आपल्या पोटात चालवू शकतं, ६४ बिटांचं नाही. आणि २००९ मध्ये आलेल्या सर्व्हर २००८ आर-टू पासून पुढे विंडोज सर्व्हर फक्त ६४ बिटांतच मिळतो. म्हणजे काकांच्या दृष्टीने रस्ता तिथेच संपला होता. 'अपग्रेड करत नाहीत, आळशी आहेत' असं आम्ही एसीत बसून म्हणतो, तेव्हा सहसा अशी एखादी फॉक्सप्रोची फाईल मध्ये आडवी आलेली असते.

१४ जुलै २०१५ ला सर्व्हर २००३ चा अधिकृत आधार संपला. त्यानंतर पॅच नाही, निदान फुकट तरी नाही. अमेरिकेच्या नौदलाने त्याच वर्षी एक्सपी, सर्व्हर २००३ वगैरे जुन्या मंडळींसाठी पॅच मिळत राहावेत म्हणून मायक्रोसॉफ्टशी सुमारे नव्वद लाख डॉलरचा करार केला. म्हणजे नौदलाकडेही एखादा काका असणार!

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला तो फाईल शेअरिंगच्या जुनाट एसएमबी १ मधून. ब्रिटनमध्ये इस्पितळांच्या हजारो अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या. चालू सिस्टिम्सचा पॅच मार्चमध्येच आला होता. आता मायक्रोसॉफ्टने घाईघाईने एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीही तो सर्वांना खुला केला. श्राद्ध घातल्यावर औषध! आणि त्या पॅचवरच्या डिजिटल सहीची तारीख होती फेब्रुवारीची. पैसे भरणाऱ्यांसाठी तो आधीच तयार होता. दोष मात्र सगळा 'जुन्या सिस्टिम्सना' लागला. कॅस्परस्कीने मोजलं तर त्यांच्या नोंदींतली जवळपास ९८ टक्के लागण विंडोज ७ ला झालेली निघाली, म्हणजे ज्यांचा पॅच दोन महिने समोर पडून होता त्यांना.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला, आणि त्याची झळ थेट आपल्या दारात पोचली. मर्स्कच्या समूहाकडे असलेलं न्हावाशेवाचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कचे काही सर्व्हर तोवर चक्क विंडोज २००० वर होते, असं वायर्डने २०१८ मध्ये लिहिलं. त्यांचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या नकला ठेवायचे, म्हणून वेगळा बॅकअप कुणी ठेवलाच नव्हता. सगळे एकदम पुसले गेले. वाचला एकच, घानामधला. का? तर हल्ल्याच्या आधी तिथली लाईट गेली होती. हे मी काकांना सांगितलं तर ते खूश होऊन म्हणाले, "बघा, आम्ही उगाच नाही लिहून ठेवत!"

असो. काकांच्या मशीनचं आम्ही काय केलं ते सांगतो. डिस्कची इमेज काढून नव्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन म्हणून उठवायची, असं ठरलं. पहिल्यांदा अपेक्षेप्रमाणे निळी स्क्रीन, ७बी: बूट डिस्क सापडत नाही. डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरची खटपट करून दुसऱ्या रात्री उठली. नेटवर्कपासून तोडून ठेवली. (डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं प्रकरण वेगळंच, त्यावर परत कधीतरी.) काकांनी दोन तास बसून स्टॉकचे आकडे ताडून पाहिले. जुळले.

मग जुना टॉवर बंद करायची वेळ आली. मी म्हटलं, काका, तुम्हीच करा. त्यांनी माळ काढून बाजूला ठेवली, शट डाऊन केलं, आणि ती खिडकी आली. काका थांबले.

"काय लिहू, सर?"

मी म्हटलं, टिंब टाका, चालतं. ते त्यांना काही पटलं नाही. चष्मा वर करून बराच वेळ एकेक अक्षर शोधत त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'लाईट आहे', आणि ओके दाबलं.

ते व्हर्च्युअल मशीन अजून चालू आहे. नवं स्टॉकचं सॉफ्टवेअर घ्यायची मीटिंग दिवाळीनंतर ठेवली होती. कुठली दिवाळी ते काकांनाच विचारावं लागेल.