मायनिंग यंत्रांचा चढा बाजार : नफा कुठवर, नफेखोरी कुठून?

बिटकॉइनसारख्या आभासी चलनांचे भाव चढू लागले की त्यांच्यामागोमाग आणखी एका वस्तूचे भाव चढतात. ती वस्तू म्हणजे हे चलन 'खणून' काढणारी यंत्रे. २०१७ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२० ते २०२२ या काळात कंपनीने जाहीर केलेल्या किमतीला ही यंत्रे मिळणे जगभर दुरापास्त झाले होते. मिळत होती ती मधल्या माणसाकडून आणि अनेकदा दुप्पट दराने. या फेरविक्रीला कोणी बाजाराचा नियम म्हटले, तर कोणी उघडउघड काळाबाजार. या व्यवहारात नेमके गैर काय आणि ते कोणाच्या दृष्टीने, हे ठरवायचे तर आधी या यंत्रांचे अर्थकारण समजून घ्यावे लागते.

गणिती सोडत

बिटकॉइनचा पहिला 'ब्लॉक' ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला. व्यवहारांची नोंद असलेला असा नवा ब्लॉक सरासरी दर दहा मिनिटांनी साखळीत जोडला जातो. तो जोडण्याचा मान मिळवण्यासाठी जगभरातील यंत्रे जणू एका गणिती सोडतीत भाग घेतात. ज्याचे यंत्र दर सेकंदाला अधिक प्रयत्न करते, त्याच्याकडे अधिक तिकिटे आहेत असे समजावे. या वेगाला 'हॅशरेट' म्हणतात. विजेत्याला सुरुवातीला ५० बिटकॉइन मिळत. हे बक्षीस दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर निम्मे होते. त्यानुसार २०१२, २०१६, २०२० आणि एप्रिल २०२४ मध्ये ते घटले असून आता ३.१२५ बिटकॉइनवर आले आहे.

प्रारंभी घरचा साधा संगणक या कामाला पुरत असे. पुढे व्हिडिओ गेमसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डे अधिक वेगवान ठरली. २०१३ पासून फक्त याच कामासाठी घडवलेल्या चिपची यंत्रे बाजारात आली. त्यांना 'ॲसिक' म्हणतात. बीजिंगच्या बिटमेन कंपनीची 'अँटमायनर' ही त्यातील सर्वाधिक परिचित मालिका होय. ॲसिक यंत्राचा गुण आणि दोष एकच, तो म्हणजे त्याला दुसरे कोणतेही काम येत नाही. चलन खणणे परवडेनासे झाले की ते जवळपास भंगारच ठरते. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. तेच कार्ड गेम खेळणाऱ्याला, चित्रपटाचे संकलन करणाऱ्याला, वास्तुरचनाकाराला आणि संशोधकालाही लागते.

दररोज झिजणारे उत्पन्न

मायनिंगमध्ये उतरणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून बिटकॉइन अधिक वेगाने तयार होत नाहीत. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते. यंत्रे वाढली की कोडे अवघड होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हिस्सा घटतो. यंत्राचे उत्पन्न कसे झिजते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

'अँटमायनर एस९' हे २०१६ मध्ये आलेले गाजलेले यंत्र. त्याचा वेग सुमारे १४ टेराहॅश आणि विजेचा वापर सुमारे १,४०० वॅट, म्हणजे दिवसाला ३३ ते ३४ युनिट. जानेवारी २०१८ च्या प्रारंभी साऱ्या जाळ्याचा एकत्रित वेग सुमारे १५ एक्झाहॅश, म्हणजेच दीड कोटी टेराहॅश होता आणि बिटकॉइनचा भाव १४ हजार डॉलरच्या आसपास. त्या वेळी दिवसाला सुमारे १,८०० बिटकॉइन वाटले जात. या हिशेबाने एका एस९ चे दिवसाचे उत्पन्न तेव्हाच्या विनिमय दराने साधारण दीड हजार रुपये होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत जाळ्याचा वेग तिपटीहून अधिक वाढून ५० एक्झाहॅशच्या पलीकडे गेला आणि भाव साडेसहा हजार डॉलरच्या घरात उतरला. त्याच यंत्राचे उत्पन्न आता दिवसाला जेमतेम २४० रुपये झाले. विजेचा दर दहा रुपये युनिट धरला, तर केवळ विजेचाच खर्च दिवसाला ३३० रुपयांवर जातो. दहा महिन्यांपूर्वी सोन्याचे अंडे देणारी कोंबडी आता दाणेही परवडू नयेत अशी झाली होती.

फेरविक्रीच्या नीतीचा सारा प्रश्न या झिजेत आहे. चढ्या भावाने घेतलेले घर किंवा सोने काही वर्षे थांबले तर पैसे भरून देण्याची शक्यता तरी असते. मायनिंग यंत्राच्या बाबतीत थांबणे म्हणजेच तोटा.

मधला माणूस नेमके काय विकतो?

मागणी उसळली की यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आगाऊ पैसे घेऊन काही महिन्यांनी माल देण्याची पद्धत अवलंबतात. अशा वेळी फेरविक्रेत्याकडे यंत्र हजर असते. तो यंत्राबरोबर वाचलेला वेळही विकत असतो आणि या धंद्यात वेळेला खरोखरच किंमत आहे. स्वस्तात नोंदवलेले पण उशिरा आलेले यंत्र हे महाग पण आजच मिळालेल्या यंत्रापेक्षा अधिक नुकसानीचे ठरू शकते.

अमेरिकेतील 'बटरफ्लाय लॅब्ज' या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. या कंपनीने ग्राहकांकडून आगाऊ रकमा घेऊन मायनिंग यंत्रे विकली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१४ मध्ये तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर २०१३ पर्यंत वीस हजारांहून अधिक ग्राहकांना यंत्रे मिळाली नव्हती आणि ज्यांना मिळाली त्यांच्या हाती ती कालबाह्य होऊन पडली, असा आयोगाचा आरोप होता. २०१६ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. येथे किमतीवर चढा दर लावला गेला नव्हता. तरीही ग्राहकाचे नुकसान झाले, कारण त्याचा वेळ गेला.

म्हणूनच चढ्या भावाचे समर्थन करणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ॲसिक यंत्र ही जीवनावश्यक वस्तू नाही. घेणारा आणि विकणारा दोघेही नफ्यासाठीच बाजारात उतरलेले असतात. फेरविक्रेता आपले भांडवल गुंतवतो, भाव कोसळल्यास माल अंगावर पडण्याचा धोका पत्करतो. खुद्द कंपन्याही चलनाचा भाव पाहून यंत्रांची किंमत वरखाली करतात. मग मधल्या माणसालाच दोष का द्यावा? सोन्यापेक्षा फावडी विकणाऱ्याला अधिक पैसा मिळतो, ही कॅलिफोर्नियातील १८४८ च्या सुवर्णशोधापासूनची कथा येथेही लागू पडते. बिटमेनने सप्टेंबर २०१८ मध्ये हाँगकाँग शेअर बाजाराकडे सादर केलेल्या कागदपत्रांनुसार त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीतील तिच्या महसुलाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग यंत्रविक्रीतून आला होता, चलन खणण्यातून नव्हे.

तिसऱ्याचे नुकसान

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत मात्र हे समर्थन लंगडे पडते. एनव्हिडियाचे 'आरटीएक्स ३०८०' हे कार्ड १७ सप्टेंबर २०२० रोजी ६९९ डॉलर किमतीला विक्रीस आले आणि काही मिनिटांतच संपले. माणसाच्या बोटांपेक्षा वेगाने खरेदी करणाऱ्या 'बॉट' या स्वयंचलित प्रणालींनी साठा उचलला आणि तीच कार्डे लिलावाच्या संकेतस्थळांवर चढ्या दराने झळकू लागली. कंपनीला ग्राहकांची क्षमा मागावी लागली. करोनाकाळात घरून काम, घरून शिक्षण आणि चिपचा जागतिक तुटवडा यांची त्यात भर पडली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंतच्या ग्राहकांनाही या महागाईची झळ बसली. कार्ड हवे असेल तर सोबत पूर्ण संगणक घ्या, अशी अटही अनेक ठिकाणी घातली जात असे.

येथे किंमत मोजणारा माणूस मायनिंगच्या जुगारात उतरलेलाच नव्हता. ॲनिमेशन शिकणारा विद्यार्थी किंवा छोटा स्टुडिओ चालवणारा व्यावसायिक यांना कार्डातून रोज पैसे मिळणार नव्हते. ज्याला ते मिळणार होते, त्याच्या बरोबरीने बोली लावणे त्यांना शक्यच नव्हते. 'ज्याला गरज अधिक, तो अधिक मोजेल' हे बाजाराचे तत्त्व येथे 'ज्याला नफा अधिक, तो अधिक मोजेल' असे बदलून जाते. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये 'आरटीएक्स ३०६०' आणताना त्याची इथेरियम खणण्याची क्षमता मुद्दाम निम्मी केली. पण पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका चाचणी सॉफ्टवेअरने ही मर्यादा काही अंशी निकामी केली.

उत्पादकांची बाजूही निर्लेप नव्हती. पूर्वीच्या, २०१७ मधील तेजीत गेमिंग विभागाच्या वाढत्या उत्पन्नामागे मायनिंगचा मोठा हात असल्याचे गुंतवणूकदारांना पुरेसे सांगितले नाही, या आक्षेपावरून एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाला ५५ लाख डॉलर दंड देण्याचे मान्य केले. आरोप कबूल वा नाकबूल न करता ही तडजोड झाली.

जुना प्रश्न, नवा माल

टंचाईतील फेरविक्री आपल्याकडे नवी नाही. परवाना राजच्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि नंबर लागलेला माणूस 'ऑन' घेऊन ती दुसऱ्याला विकत असे. चित्रपटगृहाबाहेरचा तिकिटांचा 'ब्लॅक' तर मुंबईकरांच्या पिढ्यांनी पाहिला. व्यापाऱ्याचा नफा किती असावा, याचा विचार त्याहूनही प्राचीन आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त देशी मालावर पाच आणि परदेशी मालावर दहा टक्के नफ्याची मर्यादा सांगितली आहे.

तथापि या दाखल्यांत आणि मायनिंग यंत्रांत एक महत्त्वाचा फरक आहे. तिकीट 'ब्लॅक'ने घेणाऱ्याला चित्रपट पूर्णच पाहायला मिळे. 'ऑन' देऊन घेतलेली स्कूटर पुढे अनेक वर्षे धावे. मायनिंग यंत्र घेणारा मात्र भविष्यातील उत्पन्नाचा अंदाज विकत घेतो आणि तो अंदाज बहुधा विकणाऱ्यानेच त्याच्यापुढे मांडलेला असतो. 'आजच्या दराने सहा महिन्यांत पैसे वसूल' असे सांगताना काठिण्यपातळी वाढणार आहे, बक्षीस निम्मे होण्याची वेळ जवळ आली आहे किंवा नव्या पिढीचे यंत्र दाराशी आले आहे, हे दडवले तर ती फसवणूक ठरते. ती चढ्या भावात जितकी संभवते, तितकीच स्वस्त भावातही.

वापरलेल्या मालाच्या बाबतीत हे अधिक ठळक होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली. अहोरात्र तापलेली असंख्य ग्राफिक्स कार्डे त्यानंतर जुन्या बाजारात आली. अशी कार्डे सरसकट निकामी असतात असे नाही. पण 'थोडे वापरलेले' असे म्हणून ती विकणे हा भावाचा नव्हे, तर सचोटीचा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतात पॅकबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक असून त्याहून अधिक दराने तो विकता येत नाही. २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे नियम यांचा हा आधार आहे. मात्र आयात मालावरील किंमत आयातदारच ठरवतो. ती मुळातच भरमसाट छापली, तर कायद्याचा भंग न करताही ग्राहक नाडला जाऊ शकतो. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर यांना काही काळ जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालण्यात आले होते. संगणकाच्या सुट्या भागांना असे संरक्षण देण्याची वेळ आली नाही आणि ते रास्तच म्हणावे लागेल.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जुना वा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण हाच कायदा व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्यास 'ग्राहक' मानत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा त्याला अपवाद आहे. त्यामुळे डझनभर यंत्रे घेऊन मायनिंग करू पाहणाऱ्याला ग्राहक मंचाचे दार बंद असण्याची शक्यता आहे. शिवाय आभासी चलनांच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर असून मायनिंगसाठीच्या यंत्रणेचा खर्च त्यातून वजा करता येत नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. म्हणजे यंत्रासाठी मोजलेला वाढीव दर करातही परत मिळत नाही.

अमेरिकेत बॉटद्वारे तिकिटे लाटण्यास २०१६ च्या कायद्याने बंदी आहे. इतर वस्तूंनाही ती लागू करावी, यासाठी विधेयके मांडली गेली, पण त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न

- यंत्र प्रत्यक्ष हजर आहे की नोंदणीवर मिळणार? उशीर झाल्यास पैसे परत मिळतील काय?
- उत्पन्नाचा अंदाज आजच्या काठिण्यपातळीवर आधारलेला आहे की ती वाढेल हे गृहीत धरून?
- एका टेराहॅशमागे वीज किती लागते आणि आपल्या वीजजोडणीचा दर कोणता?
- हमी पहिल्या खरेदीदाराच्या नावे आहे की पुढे हस्तांतरित होते?
- यंत्र किंवा कार्ड मायनिंगसाठी किती काळ चालले, हे विक्रेता लेखी देतो काय?

मायनिंग परवडेनासे झाल्याने ग्राफिक्स कार्डांवरील तो ताण ओसरला असला, तरी टंचाई संपलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये १,९९९ डॉलरला आलेले 'आरटीएक्स ५०९०' कार्डही फेरविक्रीत त्याहून बऱ्याच चढ्या दराने विकले गेले. आता मागणीच्या मागे कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. बिटकॉइनचे बक्षीस २०२८ च्या सुमारास पुन्हा निम्मे होईल, तेव्हा जुन्या ॲसिक यंत्रांचे ढीग पुन्हा एकदा नव्या गिऱ्हाइकांच्या शोधात निघतील. त्या वेळी ती खरेदी करणाऱ्याने किमतीच्या आकड्याइतकेच विक्रेत्याने न सांगितलेल्या गोष्टींकडे लक्ष द्यावे. आणि विक्रेत्याने त्या आपणहून सांगितल्या, तर चढ्या भावावर आक्षेप घेण्यास फारशी जागा उरणार नाही.